वादळचा खरारा

मी एक जुना खरारा आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलं नसेल. घोड्याचं अंग घासून स्वच्छ करायला लाकडी मुठीला लोखंडी दातांच्या पट्ट्या बसवतात, तो मी. टिटवाळ्यात नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तानाजींचं घर आहे. त्याच्यामागच्या तबेल्यात, एका खिळ्यावर माझं आयुष्य गेलं.

कल्याणच्या एका लोहाराने मला घडवलं. तानाजी मला घ्यायला आले तेव्हा त्यांनी आधी मला स्वतःच्या हातावरून ओढून पाहिलं. दोन दात टोचले. ते त्यांनी तिथेच बसून घासून घेतले.

"घोडा आहे की जावई?" लोहार म्हणाला.

"जावयाला एवढं करत नाही कोणी," तानाजी म्हणाले.

घोड्याचं नाव होतं वादळ. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्या कानामागे टेकलो आणि मानेवरून खाली निघालो. मान संपेचना. मी लोखंडाचा, मला कशाचं नवल वाटत नाही असा माझा समज होता. पण त्या कातडीखाली एक ऊब हलत होती. बरगड्यांपाशी आतून ठोका लागला, सावकाश आणि खोल. एवढ्यात खांद्यावर एक माशी बसली. तेवढीच, तळहाताएवढी कातडी थरथरली आणि बाकीचा डोंगर जागचा हलला नाही. एवढं बळ आणि एवढा नेमकेपणा एकाच अंगात कसा मावतो, हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही.

नाव वादळ असलं तरी तो कधी उधळला नाही. टांग्यात बसवून त्याने कितीतरी लोकांना स्टेशनवरून गणपतीच्या देवळात नेलं. तानाजींच्या पत्नी गंगूबाई म्हणायच्या, "नाव वादळ आणि चाल सासरी निघालेल्या पोरीची." पुढे रिक्षा वाढल्या, टांगा बंद झाला आणि वादळ लग्नाच्या वरातींत जाऊ लागला. नवरदेव घाबरलेला असे आणि घोडा शांत.

जवळच्या मोहने गावातल्या एका वरातीत बँड जोरात वाजत होता. फुगा धरायला एक लहान मुलगी धावली आणि थेट वादळच्या पायांत पडली. त्याचा पुढचा पाय तेव्हा उचललेला होता. तो त्याने तसाच हवेत धरून ठेवला. पाठीवर नवरदेव, कानाशी ढोल, पायाखाली मूल. लोकांनी तिला बाहेर ओढेपर्यंत तो पाय खाली आला नाही. मी तानाजींच्या खांद्यावरच्या पिशवीतून डोकावत होतो, म्हणून हे पाहू शकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पायावरून फिरलो तेव्हा त्यातले स्नायू अजून थरथरत होते. थांबायला किती ताकद लागते, ते मला त्या सकाळी कळलं.

मित्रांनो, माझ्या कामाचा एक नियम आहे. चार हात मारले की मला उंबऱ्यावर आपटून केस झटकायचे. भरल्या दातांनी मला खिळ्यावर टांगायचं नाही. त्या झटकलेल्या केसांत मी त्याचं वय पाहिलं. सुरुवातीला ते पावसाळी ढगासारखे करडे असत. वर्षं गेली तसे फिकट होत होत अगदी पांढरे झाले. लोक म्हणत, घोडा म्हातारा झाला. मला मात्र तो उजळत गेल्यासारखा वाटे.

तानाजींचा खांदा आखडला तेव्हा त्यांची मुलगी रसिका मला हातात घेऊ लागली. ती कल्याणला नोकरी करते. कामावर जाण्याआधी ती वादळला खरारा करी, अगदी गप्प राहून. गेल्या भाद्रपदातल्या एका सकाळी आम्ही मानेच्या मध्यापर्यंत आलो होतो. वादळने गुडघे टेकले, अंग जमिनीवर सोडलं आणि एक लांब श्वास घेतला. पुढचा श्वास आला नाही. मी रसिकाच्या हातातून पडलो. नंतर कोणीतरी मला उचलून खिळ्यावर टांगलं. झटकायचं राहून गेलं.

म्हणून माझ्या दातांत वादळचे केस राहिले. आता जगात तेवढाच वादळ उरला होता.

मग खंडेनवमी आली. या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन पुजतात. गंगूबाईंनी पाटावर कोयता, विळा, पान्हा मांडला.

"रसिका, खरारा आण गं. नीट घासून आण, दातांत घाण असेल."

रसिकाने नळ सोडला. पाणी जवळ आलं आणि मी, लोखंडाचा असून, भ्यालो. पण तिने मला धारेखाली धरलं नाही.

"आई, हा असाच राहू दे."

"असाच? पूजेला मळकं हत्यार ठेवतात का? बाबांनी बघितलं तर तुझी पूजा बांधतील."

तानाजी त्यांच्या मागेच येऊन उभे होते. वादळ गेल्यापासून त्यांनी मला शिवलं नव्हतं. त्यांनी मला घेतलं, केस पाहिले आणि सवयीने उंबऱ्यावर आपटायला हात उचलला. उचललेला हात तसाच हवेत राहिला. असं थांबणं मी याआधी एकदाच पाहिलं होतं.

मग त्यांनी मला हळूच स्वतःच्या हातावरून ओढलं.

"धुऊ नका. मळ नाहीये तो."

गंगूबाईंनी पाटावर माझ्यासाठी जागा केली आणि तानाजींनी सकाळी कल्याणच्या बाजारातून आणलेल्या पिशवीत फुलांसाठी हात घातला. झेंडूचा हार वर येऊ लागला. येतच राहिला.

"अहो, हा कोणाला?"

तानाजी जमिनीकडे बघत म्हणाले, "फुलवाल्याने माप विचारलं. मी हात पसरून दाखवलं, नेहमीसारखं. पैसे दिल्यावर लक्षात आलं."

मित्रांनो, तुमच्या घरी, गल्लीत एखादं जनावर असेल, तर त्याच्या अंगावरून रोज हात फिरवा. घाईने नको. ते केवढं आहे, हे हाताला कळू द्या.

रसिकाने तो हार माझ्याभोवती गुंडाळला. एक वेढा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. मूठ झाकली, दात झाकले, पांढरे केस झाकले. मी पुरता दिसेनासा झालो, तरी हार उरलाच होता. एवढी मोठी मान होती त्याची.