शिरोलीचा भाव

मृत्युंजयच्या शिरोलीच्या फौंड्रीत लोखंडाचा रस ओतून पंपांची आणि ट्रॅक्टरची कास्टिंगं निघायची. चौऱ्याण्णव साली त्यानं कंपनीचे शेअर दहा रुपयांनी विकायला काढले आणि मुंबईत छोट्या कंपन्यांसाठी जो ओव्हर द काउंटर बाजार नवा निघाला होता, तिथं नाव नोंदवलं. घेणारे बहुतेक ओळखीचेच. हातकणंगल्याला भावकीतल्या एका लग्नात जेवणं झाल्यावर कुणीतरी विचारलं, तेव्हा तो रंगात येऊन बोलून गेला, "दोन वर्सांत डबल! लिहून घ्या!"

कुणी लिहून घेतलं नाही, पण विसरलंही कुणी नाही.

मुरगूडचे हंबीरराव खताचे दुकानदार. सकाळी दुकान उघडलं की आधी पेपरात मृत्युंजयच्या शेअरचा भाव बघायचे. काही दिवस भाव दिसला. मग एक दिवस नावच दिसेना. दुसऱ्या दिवशी नाही, आठवडा गेला तरी नाही. हंबीररावांनी शेअर घेतलेली आठ-दहा माणसं जीपमध्ये भरली, त्यांतल्याच आपल्या धोंडुबाई आत्तीला पुढं बसवलं आणि थेट शिरोलीला आणलं.

"या, या! अचानक?" मृत्युंजय गेटवर आला.

"पेपरातनं नाव गेलं, अण्णा. म्हटलं, कारखाना तरी जाग्यावर हाय का न्हाय बघावं!" हंबीरराव उतरता उतरता म्हणाले.

कारखाना जागेवर होता. भट्टी पेटलेली होती आणि साच्यांत लालभडक रस ओतायचं काम चाललं होतं. सगळे दोन पावलं मागं सरले. धोंडुबाईंनी पदर नाकाला लावून विचारलं, "ह्यातलं माजं कुटलं रं?"

"सगळंच थोडं थोडं, आत्ती," मृत्युंजय हसून म्हणाला.

पण हंबीरराव तेवढ्यावर निवणारे नव्हते. ऑफिसात बसल्या बसल्या ते म्हणाले, "चा नको. आमचं शेअर आजच्या आज इकायचं हाईत."

मृत्युंजयची बायको शिवांजली ऑफिसचा कारभार बघायची. तिनं मुंबईच्या डीलरला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. डीलरनं दोन भाव सांगितले. तुम्ही विकणार असाल तर नऊ, घेणार असाल तर तेरा.

"ही कुटली तऱ्हा?" हंबीरराव उसळले. "माल एकच, आन भाव दोन?"

"गिऱ्हाईक कमी हाय म्हणून, भाऊजी," शिवांजली म्हणाली. "मार्केट यार्डात गूळ नेला की दुपारपर्यंत खपतो. पण चांगला बैल बाजारात नेला तर जाणता माणूस भेटेपर्यंत धरून उभं राहावं लागतं. आपला शेअर तसला. सौदा झाला न्हाय, तर पेपरात नाव कुठनं येणार?"

"मग डबल कसं व्हायचं?"

सगळ्यांनी मृत्युंजयकडं बघितलं. त्यानं एकदा बायकोकडं बघितलं. तिनं स्पीकर बंद केला.

"व्हायचं न्हाय," तो म्हणाला. "लग्नात बोललो ते उगं बोललो. ऑर्डरी हाईत, नफा बी हाय. पण औंदा त्यो वाटणार न्हाय, त्यातनं नवी भट्टी घालणार. पुढं थोडं थोडं मिळंल. ज्याला चार-पाच वर्सं दम निघंल त्यानं ऱ्हावं. ज्याला पैशाची नड हाय त्यानं निघावं, मी राग मानणार न्हाय."

माणसं एकमेकांत कुजबुजायला लागली. मग धोंडुबाई म्हणाल्या, "मला नड हाय. घरावर पत्रं घालायचं हाईत. नवाला तर नवाला."

"नवाला?" हंबीरराव ताडकन उठले. "आपल्या डोळ्यानं भट्टी बघितली आन नवाला त्या मुंबैवाल्याला देतीस? मी घेतो दहाला!"

"तेरा दे."

"तेरा? आत्ती, मी तुजा भाचा!"

"म्हणून तर तेरा मागतीया. परक्याला चौदा सांगितलं असतं!"

खोलीत हशा उसळला. ओढाताण होऊन अकरावर सौदा ठरला. शिवांजली डोळे पुसत म्हणाली, "बघितलासा? मुंबईत ह्योच कारभार फोनवर चालतो." मग तिनं दोघांचे कागद रीतसर ब्रोकरमार्फत करून द्यायचं कबूल केलं. नको म्हटलेला चहा हंबीररावांनी दोनदा मागून घेतला. विकायला आलेला माणूस जास्तीचे शेअर घेऊन मुरगूडला परत गेला.

त्या वर्षीची शेअरवाल्यांची सभा मंगळवार पेठेतल्या एका कार्यालयात झाली. एकानं उठून शेअरच्या भावाबद्दल ओरडायला सुरुवात केली, तर मृत्युंजयच्या आधी हंबीररावच उभे राहिले. "पावणं, भट्टी बघून आलाय का? न्हाय ना? मग बसा की खाली!"

नवी भट्टी सुरू झाली. नव्याण्णव साली पहिला लाभांश निघाला. लहानच होता, पण नंतर एकाही वर्षी चुकला नाही. मुंबईचा तो बाजार मात्र हळूहळू थंडावत गेला. दोन हजार तीन सालापर्यंत शेअर कधी नाव घेण्यासारखा वर गेला नाही आणि हंबीररावांनीही पेपरात तो बघायचं सोडून दिलं. त्याऐवजी वर्षातनं एकदा ते सभेला यायचे आणि सभा झाली की मृत्युंजयच्या घरी जेवायला थांबायचे. शिवांजली त्या दिवशी पुरणाची होळगी करायची.

"भागीदाराला दोनच वाढतासा व्हय, वहिनी?" असं म्हणून ते ताट पुढं सरकवायचे.