डाळिंबी शेपूट

मित्रांनो, जुन्या छत्रीने आपली कहाणी सांगितली तर तुम्हाला नवल वाटत नाही. जुना टांगाही सांगतो. पण जुना कोंबडा तुम्ही कधी पाहिला आहे का? नीट आठवून पाहा. नाही ना? कोंबड्याला जुने होऊच देत नाहीत. त्याआधीच घरी पाहुणे येतात.

मी मात्र नऊ वर्षांचा आहे. सोलापूरच्या साखर पेठेत, काशम्माच्या अंगणात, अजून पहाटे बांग देतो. इतकी वर्षे टिकलो कसा, असे विचाराल तर सांगतो. मी कुणावर विश्वास ठेवला नाही. कुणी दाणे टाकले की मी दाण्यांचा हात पाहत नाही. दुसरा हात कुठे आहे, ते आधी पाहतो.

काशम्मा विणकराची लेक आणि विणकराचीच सून. ती एका रंगाऱ्याकडे सूत रंगवायला जाते. दिवसभर लाल रंगाच्या हौदात हात, म्हणून तिचे हात कोपरापर्यंत लाल असतात. ती रागावली की तेलुगूत बोलते आणि लाडात आली की मराठीत, त्यामुळे कधी पळायचे ते मला पिल्लू असल्यापासून कळते. कोंबड्या तिने अंड्यांसाठी पाळल्या नाहीत. तिला एक कोंबडा हवा होता, आणि लुगड्याचा नमुना मनात धरावा तसा तो तिने मनात धरला होता. अंग डाळिंबी, मानेला जरीचा काठ, आणि पदर, म्हणजे शेपूट, तीही डाळिंबी.

आता तांबड्या कोंबड्याची शेपटी काळी असते, हे तुम्हीही पाहिले असेल. पण काशम्माचा हट्टच तसा. "अंग एक आन् पदर एक, असलं लुगडं मला नगं," ती म्हणे. जेऊरच्या बाजारात तिला एक कोंबडा मिळाला. त्याच्या काळ्या शेपटीत एकच पीस लालसर होते. त्याच्या मुलांतला ज्याची शेपटी जास्त लाल तो तिने ठेवला, मग त्याच्या मुलांतला, मग त्याच्याही. बाकीचे सगळे मंगळवार बाजारात गेले, नाहीतर पातेल्यात.

माझे अकरा भाऊ होते. आम्ही पाच महिन्यांचे झालो तेव्हा एका सकाळी तिने एकेकाला उन्हात धरून पिसे उलगडून पाहिली. कुणाच्या शेपटीत काळे निघाले, तर कुणाच्या पंखाखाली एखादे पांढरे. पांढऱ्यावर तर तिचा फार राग. "पांढरं म्हंजे रंग न धरलेलं सूत," ती म्हणाली आणि त्या भावाला बाजूला ठेवले. दुपारपर्यंत अंगणात मी एकटाच उरलो. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला भीतीच वाटली. एका पिसावरून जिने अकरा जण नेले, ती मला किती दिवस ठेवणार?

आणखी एक गोष्ट मला खटके. दर शुक्रवारी ती मला मांडीवर घेई, माझे डोके काखेत दाबून धरी आणि एका लहान वाटीतले काहीतरी शेपटीच्या मुळाशी चोळी. वाटीत काय आहे ते मला कधी दिसले नाही. तिचे हात लाल, माझी शेपटी लाल. तुम्हीच सांगा, मी काय समजायचे?

सन अठ्ठावीसच्या संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत कोंबड्यांचे प्रदर्शन भरले. उत्तम पक्ष्याला चांदीचा पेला होता. टेंभुर्णीचे आबासाहेब आपला पांढराशुभ्र कोंबडा घेऊन आले होते. त्याला वारा घालायला एक गडी होता. काशम्मा मात्र सकाळचे काम उरकून तशीच धावत आली होती. तिचे हात अजून ओले होते आणि मला पिंजऱ्यात ठेवल्यावर ती सारखी माझी शेपटी सारखी करत होती.

परीक्षक म्हणून गुरांचे डॉक्टर होते. ते माझ्यासमोर थांबले ते थांबलेच. आबासाहेबांना ते काही आवडले नाही.

"डॉक्टर, साळ्यांच्या पेठंतला कोंबडा हाय," ते म्हणाले. "ह्यो रंग अंड्यातनं आल्याला न्हाय, हौदातनं आलाय."

डॉक्टरांनी ओले फडके मागवले आणि माझ्या शेपटीवरून फिरवले. फडके लाल झाले.

"माज्या हाताचा रंग हाय त्यो!" काशम्मा ओरडली. "सकाळधरनं मीच शेपटी सारकी करतीया. ह्ये बगा की!" आणि तिने दोन्ही हात वर केले.

तिथेच चुकले. ते लाल हात पाहून गर्दीतून कुणीतरी म्हणाले, "ह्याला म्हनत्यात रंगेहात धरनं!" सगळी जत्रा हसली. हसला नाही तो तिचा रंगारी. तो पुढे आला आणि म्हणाला, "माझ्या हौदातला रंग अशा वाटेनं बाहेर जातो काय? खरंखोटं होईस्तवर कामावर येऊ नकोस."

म्हणजे एका शेपटीपायी तिचे काम गेले आणि नावही गेले. खरे सांगतो मित्रांनो, त्या गर्दीत तिचा सगळ्यात जास्त संशय मलाच आला. ती वाटी कुणी पाहिली नव्हती. मला ठाऊक होती.

काशम्मा रडली नाही. ती डॉक्टरांना म्हणाली, "शेपटीचं एक पीस उपटा. नवं पीस फुटंल, त्ये कसल्या रंगाचं येतंय बगा. तवर कोंबडा तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. मी हात लावनार न्हाय."

डॉक्टरांना ते पटले. पण ठेवायचा कुणाकडे? ज्याच्या घरी ठेवावा त्याच्या घरी पाहुणे येणारच. शेवटी प्रदर्शनाच्या समितीचे कारकून गुरुबसप्पा यांचे नाव निघाले. त्यांच्या गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात अंड्याचे नावही चालत नसे. काशम्माचा त्यांच्यावरही भरवसा नव्हता. कोंबडा बदलला तर? तिने माझ्या पायाला सुताचा धागा बांधला आणि त्याला विणकराची अशी गाठ मारली की दुसऱ्याला ती सुटू नये, आणि सुटलीच तर पुन्हा तशी बांधता येऊ नये. मग डॉक्टरांनी पीस उपटले. ते दुखणे मी अजून विसरलेलो नाही.

गुरुबसप्पांच्या परसात मला एका डालग्याखाली ठेवले. ते मला कधी हात लावत नसत. सकाळी स्नान करून येत, फुटपट्टीने डालगे उचलत, लांबून शेपटी पाहत आणि वहीत काहीतरी लिहीत. ज्वारी मात्र भिजवून, वेळेवर आणि पोटभर मिळे. इतकी चांगली ज्वारी कुणी फुकट घालत नाही, हे मला पक्के ठाऊक होते. मला पुष्ट करत आहेत, असे समजून मी अर्धीच खाई. अख्ख्या सोलापुरात जिथे कोंबड्याच्या केसालाही धक्का लागला नसता असे ते घर, आणि तिथे मी पाच आठवडे सुरीची वाट पाहत काढले!

संशय त्यांनाही होता. काशम्मा येऊन रंग लावून जाईल म्हणून त्यांनी परसाच्या दाराला कुलूप घातले होते. त्यांच्या पत्नीला वाटे की मी मुद्दाम पूजेच्या वेळेला आरवतो. आणि मी? मला आता माझाच संशय येऊ लागला होता. एकदा पाण्याचे भांडे कलंडले तेव्हा मी ओल्या फरशीवर पंख घासून पाहिला. फरशीवर काही उमटले नाही, पण तेवढ्याने माझे समाधान झाले नाही.

मग शेपटीच्या जागी खाज सुटली. मान वळवून पाहतो तर काय! कोंब फुटला होता, आणि तो पांढरा होता. अकरा भाऊ डोळ्यांपुढे आले. मी भीतीने त्या कोंबाला चोचही लावली नाही.

शिवरात्रीला गुरुबसप्पांनी सगळ्यांना बोलावले. डॉक्टर आले. सिद्धेश्वराच्या दर्शनाला शहरात आलेले आबासाहेबही आले.

"पांढरं!" आबासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "मी काय म्हनत हुतो?"

काशम्मा आली. पाच आठवड्यांत ती वाळली होती. तिने आधी पायाची गाठ पाहिली, मग शेपटी पाहिली आणि म्हणाली, "अप्पा, ही तर पिसाची खोळ हाय. पीस आत हाय. चोळा, म्हंजे उगडंल."

"तूच चोळ की," गुरुबसप्पा म्हणाले.

"न्हाय अप्पा. माजं हात लागलं की रंग माजाच म्हनतील. तुमी चोळा."

गुरुबसप्पांचा कडक उपास होता. दारातून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "शिव शिव! आज? उपासाच्या दिवशी कोंबड्याला शिवणार?" गुरुबसप्पांनी फुटपट्टी खाली ठेवली.

"परत स्नान करतो," ते म्हणाले, "पण एका बाईचं काम गेलंय, ते तसंच ठेवून देवापुढं कसा बसू?"

ते माझ्यामागे उकिडवे बसले. त्यांनी चिमटीत तो कोंब धरून हलकेच चोळला. वरची पांढरी खोळ कोंड्यासारखी झडली आणि आतून पीस उलगडले. डाळिंबी! गुरुबसप्पांनी ते आपल्या पांढऱ्या धोतराच्या सोग्यात धरून खसाखसा पुसले. मग सोगा सगळ्यांना दाखवला, बोटे दाखवली.

"हात कोरा आहे," ते म्हणाले.

आबासाहेबांना एकदम दर्शनाची घाई झाली. चांदीचा पेला टेंभुर्णीला पोचला होता, तो काही परत आला नाही. गुरुबसप्पांनी मात्र तिथेच 'रंग अस्सल आहे' असे कागदावर लिहून दिले आणि डॉक्टरांनी सही केली. काशम्माला वाचता येत नव्हते. तिने तो कागद दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेतला. दोघांनी तेच वाचले, तेव्हा कुठे ती तो घेऊन रंगाऱ्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी तिचे हात पुन्हा लाल होते.

त्या शुक्रवारी तिने मला मांडीवर घेतले, पण डोके दाबले नाही. मी वाटीत पाहिले. करंजाचे तेल होते, उवा होऊ नयेत म्हणून. चोळून उरले ते तिने आपल्या दुखऱ्या गुडघ्यांना लावले. मला फार लाज वाटली.

आज माझ्या मुलांच्या आणि नातवांच्या शेपट्या अंगणभर डाळिंबी दिसतात. मित्रांनो, शंका यायचीच. मला तर अजून येते. पण निकाल देण्याआधी एक पीस उगवेल इतका धीर धरा. आणि घरातल्या मुक्या जिवाचे रूप उतरले म्हणून त्याचे दाणापाणी तोडू नका.

हे मी का सांगतो? परवा, दिवाळीच्या आधी, माझी पिसे झडून नवी आली आणि त्यांत एक पांढरे निघाले. खोळ नव्हे, खरेच पांढरे. काशम्माने ते पाहिले. तिचा हात शेपटीकडे आला. मी डोळे मिटले.

"आता तुजा बी रंग उतराय लागला व्हय रं?" ती म्हणाली. "माजं क्यास बी तसंच झाल्यात. इटल्यालं लुगडं अंगाला लई मऊ लागतं. त्ये कोन टाकून देतंय?"

मी डोळे उघडले. तिने दाणे टाकले, आणि सवयीने मी आधी दुसरा हात पाहिला. त्या हातातही ज्वारीच होती.