गिरिजाक्काचं लग्न

आटीच्या, म्हणजे भर पावसाच्या महिन्यात आमच्याकडे जिवंत माणसांची लग्नं होत नाहीत. होतात ती मेलेल्यांची. वारिजाची अक्का, गिरिजा, दीड वर्षाची असताना तापानं गेली. वारिजा तेव्हा जन्मलीही नव्हती. जगली असती तर त्या वर्षी गिरिजाला एकोणीस पुरी झाली असती. ती बिनलग्नाची राहिली म्हणून घरातलं काही धड होत नाही, असं जाणत्यानं सांगितलं. वारिजाच्या थोरल्या भावाची, अण्णाची, दोन स्थळं ठरून मोडली होती. वडील बोटीवरचं काम सुटल्यापासून घरी बसून होते आणि कुणाशी बोलत नव्हते. आईला दुपारी माजघरात पैंजण वाजल्यासारखं वाटायचं.

हे सगळं वारिजानं मला शाळेमागच्या फणसाखाली सांगितलं. आधी माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली.

"सुगंधी, कुणाला बोललीस तर बघ हां. अक्काला नवरा मिळालाय. बेळमणचा. तोही लहानपणीच गेलाय."

आम्ही सातवीत होतो. मला हसू आलं नाही. भीती वाटली, आणि घरी जाताना मागून कुणी चालतंय असं वाटत राहिलं.

माझी आई सुकी मासळी विकायची. मी वर्गाच्या दारात दिसले की ज्योत्स्ना आणि तिच्या दोघी चमच्या नाकाला रुमाल लावायच्या. "सुगंधी आली गं, श्वास रोखा!" दोन वर्षं, रोज. माझ्याशेजारी बसायची ती एकटी वारिजा. हे मुद्दाम लिहिते आहे. माझी लाज पुरती कळू दे.

एके दिवशी ज्योत्स्नानं माझा डबा खिडकीतून चिखलात फेकला. मी नुसती रडले असते तर निभावलं असतं. पण तोंडून निघून गेलं, "माझ्याच काय मागे लागताय? वारिजाच्या घरी भुताचं लग्न आहे!"

रुमाल खाली आले. ज्योत्स्नानं मला शेजारी बसवलं, लिंबाची गोळी दिली. "सांग ना, नवरदेव कसा आहे? पाय उलटे?"

मी सांगितलं. होतं ते सांगितलं आणि नव्हतं तेही सांगितलं. गोळी फार गोड लागली, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवसापासून वारिजाच्या बाकावर अक्षता पडायला लागल्या. "काय गं, मेहुण्याला जेवायला काय करणार, राख?" ती आत आली की पोरी सरकून तिच्या मागच्या हवेला जागा द्यायच्या. "बसा गिरिजाबाई, बसा." माझ्याकडे वारिजानं एकदा बघितलं, मग कधीच नाही. आता मला कुणी छळत नव्हतं. पण घरात एकटी असले की पैंजण मलाच ऐकू यायला लागले.

लग्नाच्या दिवशी सकाळी वारिजाची आई स्वतः आमच्या दारात आली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "चल गं बाई. माझ्या लेकीच्या लग्नाला तू नाहीस, असं होईल होय?"

मी गेले. मनात एकच होतं. वारिजाला एकटीला गाठायचं, पाय धरायचे, पडेल ते करायचं, पण तिला परत मिळवायचं.

पडवीत दोन पाट मांडले होते. एकावर लाल साडी, बांगड्या, मोगऱ्याचा गजरा. दुसऱ्यावर पांढरं धोतर आणि उपरणं. बाकी सगळं खऱ्या लग्नासारखं. बेळमणचे व्याही मानपानावरून कुरकुरलेसुद्धा. साडीला काळे मणी बांधले तेव्हा वारिजाचे वडील कितीतरी महिन्यांनी बोलले, "नीट जा गं पोरी." आणि भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडले.

मग पंगत बसली. साडीपुढे केळीचं पान मांडलं.

"नवरीजवळ तिची मैत्रीण पाहिजे," वारिजाची मामी म्हणाली. "पण दीड वर्षाच्या पोरीला मैत्रीण कुठली असणार?"

"सुगंधीला बसवा," वारिजा म्हणाली.

तीन आठवड्यांनी तिच्या तोंडून माझं नाव आलं. माझा जीव भांड्यात पडला. तिनं हाताला धरून मला बसवलं, माझ्यापुढे दुसरं पान मांडलं आणि कानाशी वाकली.

"तू आता अक्काची मैत्रीण. माझी नाहीस. काय सांगायचं ते तिला सांग. ती कुणाला सांगणार नाही."

मामी पायसाचं भांडं घेऊन आली. "विचार गं तिला, अजून वाढू का?" सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. मी साडीकडे तोंड केलं.

"गिरिजाक्का," मी म्हणाले, "माझं चुकलं."

मामीला वाटलं, पोर भांबावली. ती हसली आणि तिनं दोन्ही पानांवर पायस वाढलं. समोरच्या ओळीत वारिजा मान खाली घालून जेवत होती.

आटीत नव्या नवऱ्या माहेरपणाला येतात. पुढच्या वर्षी मामीचा निरोप आला, गिरिजा आली आहे, तिच्या मैत्रिणीला पाठवा. आई म्हणाली, जायलाच हवं.

दार वारिजानं उघडलं. वर्षात ती उंच झाली होती. माझ्याकडे न बघता तिनं रिकाम्या माजघरात हाक दिली, "अक्का, तुझी मैत्रीण आली गं." मग छत्री उचलून ती माझ्या बाजूनं बाहेर निघून गेली. मी आत गेले.