डोक्यावरचा खर्च

टायरच्या गोदामात स्टोअरकीपर असलेल्या माणसाला वस्तू मोजून घ्यायची आणि मोजून द्यायची सवय लागते. संध्याकाळी घरी निघताना ती सवय काही गोदामाच्या दारात काढून ठेवता येत नाही. त्याचंही तसंच झालं होतं. बायको त्याला ‘कुलूप’ म्हणायची, कधी लाडाने, कधी दातओठ खाऊन. पैसे आत जाताना सगळ्यांना दिसतात, बाहेर काढायची वेळ आली की किल्ली सापडत नाही, असं तिचं म्हणणं.

ती स्वतः दातांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंची मदतनीस होती. दिवसभर हत्यारं उकळायची, लोकांच्या गळ्याखाली रुमाल अडकवायचा, घाबरलेल्याचा हात धरायचा. त्या दवाखान्याच्या छताला कॉर्निस होतं. भिंत आणि छत जिथे भेटतात तिथे चारी बाजूंनी फिरवलेली प्लॅस्टरची नक्षीदार पट्टी. बारीक पानांची वेल आणि तिच्याखाली दोन गोल कडा. तिला ते इतकं आवडायचं की घरी येऊन हातवारे करून वर्णन सांगायची. आपल्या बैठकीच्या खोलीला तसं करायचं, हे तिने मनाशी धरून ठेवलं होतं, आणि दर महिन्याला पगारातून थोडे थोडे बाजूला टाकत होती.

तो म्हणायचा, “अगं, पण ते करतं काय?”

“काय करतं म्हणजे?”

“म्हणजे पंखा वारा देतो, दिवा उजेड देतो. ही पट्टी काय देते?”

“काही देत नाही. छान दिसते.”

त्याला ते पटायचं नाही.

शेवटी तिचे पैसे जमले तसं तिने मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री आणि त्याचा भाऊ, दोघं मिळून हेच काम करायचे. दोघांच्या भुवयांवर कायम पांढरी भुकटी. मिस्त्रीने बैठकीच्या खोलीत टेप फिरवला आणि भाव सांगितला. थर्माकोलचं स्वस्तात पडेल, पण वर्ष-दोन वर्षांत पिवळं पडतं. लाकडाचं देखणं होतं, पण त्या पैशात दुसरी खोली बांधून होईल. प्लॅस्टरचं मधलं. फुटामागे इतके, चढवायचे इतके, रंगाचे वेगळे. एकूण आकडा तिच्या जवळजवळ दोन पगारांचा झाला. कुलपाचा चेहरा पाहून मिस्त्रीच म्हणाला, “साहेब, बसून घ्या जरा.”

तिने मात्र हो म्हटलं. रविवारनंतर काम सुरू करायचं ठरलं.

आता त्या घरात आणखी एक माणूस होता, आतल्या खोलीत. नवऱ्याचे वडील. बाबांनी सगळी नोकरी गोदीत क्रेनवर काढली होती. उंच केबिनमध्ये बसून खालच्या माणसाच्या हाताच्या खुणांवर मोठमोठ्या पेट्या जहाजातून उचलायच्या आणि बोटभर अंतरावर अलगद टेकवायच्या. माणूस मोठा बोलका. निवृत्त झाल्यावरही गल्लीत ज्याची त्याची गाडी मागे घेताना “येऊ दे, येऊ दे, बास!” करत उभा राहायचा. पण न्हाणीघरात पाय घसरला, पाठीच्या मणक्याला चीर गेली, आणि डॉक्टरांनी सरळ उताणं झोपवून ठेवलं. कूस बदलायची तीही दोघांनी धरून. आधी बाबांनी विनोद केले, मग चिडचिड केली, आणि मग बोलणंच सोडलं. जेवणार का, तर मान. दुखतंय का, तर मान. हे गप्प राहणं मुलाला चिडचिडीपेक्षा जड जायचं. तो खोलीत जायचा, पायाशी उभा राहायचा आणि पांघरूण नीट करून परत यायचा.

शनिवारी बाबांना पाठीचा एक्स-रे फोटो काढायला दवाखान्यात न्यायचं होतं. स्ट्रेचरची गाडी आली, तो बरोबर गेला. फोटो निघाला, डॉक्टर म्हणाले हाड जुळतंय, पण घाई नको. बाबांना तिथे थोडा वेळ थांबवून घेतलं, म्हणून तो गादीखाली राहिलेली उपचारांची जुनी कागदपत्रं घ्यायला घरी आला. पाहतो तर बायको बाबांच्या पलंगावर उताणी पडलेली. हातात घडी न उलगडलेली चादर.

तो धावत पलंगाशी गेला. “अगं, काय होतंय तुला?”

“काही नाही. चादर बदलत होते. या इकडे, झोपा जरा.”

“वेड लागलंय का? गाडी खाली उभी आहे.”

“झोपा म्हणते ना.”

ती सरकली, तो आडवा झाला. वरती छत होतं. मधोमध पंखा. एका कोपऱ्यात पाण्याचा तपकिरी डाग, कडेने गडद, मध्ये फिका. भिंतीच्या माथ्यावरून दिव्याची वायर लोंबत गेलेली, खिळ्यांवर अडकवलेली. दुसऱ्या कोपऱ्यात रंगाचे पापुद्रे. बाकी काही नाही. नजर फिरून फिरून त्या डागावरच यायची.

“दवाखान्यात मी रोज बघते,” ती म्हणाली. “खुर्चीत आडवा झालेला माणूस पहिल्यांदा वर बघतो. कॉर्निस दिसलं की डोळे त्याच्या कडेकडेने फिरायला लागतात. पानं मोजतात लोक. तेवढा वेळ भीती विसरतात. आणि आपले बाबा इतके दिवस हा डाग बघतायत. माझ्या हे ध्यानातच आलं नाही हो.”

तो उठून बसला.

“कॉर्निस या खोलीला करायचं,” ती म्हणाली.

“या? अगं, इथे कोण येतंय बघायला?”

“ज्याला बघायचंय तो इथेच आहे.”

तिने ते इतकं साधेपणाने म्हटलं की तिने आत्ता काय सोडून दिलं हे त्याला जिना उतरताना कळलं. किती दिवस ती या पट्टीसाठी झुरत होती, नवी चप्पलसुद्धा पुढे ढकलत होती. तो गाडीत बसला, पण गोदामात कधीही न चुकणारा हा माणूस जी कागदपत्रं घ्यायला आला होता ती घरीच विसरला.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते पुष्कळ दिवसांनी बोलले. “नको. माझ्या डोक्यावर एवढा खर्च नको.”

“बाबा, खर्च तुमच्या डोक्यावर नाही,” ती औषधाचा चमचा पुढे करत म्हणाली. “भिंतीच्या डोक्यावर आहे. आ करा.”

मिस्त्री आला, खोली बघून त्याने डोकं खाजवलं. बैठकीची खोली सरळ होती. इथे एका भिंतीला मधेच पोट आलं होतं, छतही एका बाजूला उतरलेलं. पट्टी बसवायची तर मागे भराव घालावा लागणार. डाग टोकरून बघितला तर प्लॅस्टर बोटाबरोबर निघून आलं. वरच्या गच्चीवरचा पाइप पाझरत होता, तो आधी दुरुस्त करायला हवा. वायर भिंतीत घालायची, त्याचं वेगळं. खोली लहान, पण आकडा बैठकीच्या खोलीला मागे टाकून गेला.

स्वयंपाकघरात नवरा-बायको हळू आवाजात बोलत होते.

“मी डॉक्टरीणबाईंना विचारते. रविवारचं काम घेते,” ती म्हणाली.

“आणि झोपणार कधी?”

“झोपायचं काय, बाबा झोपतायत की सगळ्यांच्या वाटचं.”

त्याला हसू आलं. त्याने स्कूटरसाठी पैसे ठेवले होते. जुनी स्कूटर लाथा मारून मारून सुरू व्हायची, गोदामातले लोक हसायचे. तो म्हणाला, “पाइपाचं आणि वायरचं माझ्याकडून.”

तिने वळून बघितलं. “किल्ली सापडली?”

“जास्त बोलू नकोस, परत हरवेल.”

काम सुरू झालं. धूळ नको म्हणून पट्ट्या बाहेर जिन्यात कापायच्या आणि आत आणून चिकटवायच्या असं ठरलं. बाबांना हलवता येत नव्हतं. पलंग भिंतीपासून ओढून मधोमध घेतला, अंगावर प्लास्टिक, तोंडावर मास्क, आणि बाबा तसेच खाली. तो मुद्दाम रजा घेऊन थांबला होता. बाबांवर काही पडलं तर, ही धास्ती.

पहिली पट्टी मिस्त्री आणि त्याच्या भावाने दोन शिड्यांवर उभं राहून छताला लावून धरली. त्या फुगलेल्या भिंतीशी त्यांची झटापट चालली होती. मिस्त्री मान मागे टाकून बघायचा, पण नाक छताला टेकलेलं असताना माणसाला रेष दिसणार कशी. तो म्हणाला, “साहेब, जरा लांबून बघून सांगा.” मुलाने दारातून बघितलं, म्हणाला, “ठीक वाटतंय.”

तेवढ्यात प्लास्टिकखालून एक हात बाहेर आला आणि पट्टीच्या डाव्या टोकाकडे वळला. बाबांचा. तर्जनी खाली रोखलेली, मनगट सावकाश फिरत होतं. पट्टीचं डावं टोक खाली घ्या. मिस्त्रीला खूण कळली नाही. पण बाबांच्या गप्पा ऐकत वाढलेल्या मुलाला ती बरोब्बर कळली.

“डावीकडून खाली घ्या,” तो म्हणाला. “अजून. अजून थोडं.”

बाबांची बोटं आवळली, मूठ झाली.

“बास! धरा!”

मिस्त्री शिडीवरून उतरला, दारात गेला, बघितलं, आणि बाबांकडे वळला. “काका, सूतभराचा फरक तुम्ही तिथून ओळखला?”

मास्कमधून आवाज आला, “तू पाठ टेकून बघ म्हणजे तुलाही दिसेल.”

मग काय, सगळं काम बाबांच्या हाताखाली चाललं. जन्मभर त्यांनी उंचावरून खालच्या माणसाच्या खुणा पाळल्या होत्या. आता ते खाली आणि बाकीचे वर. बोट वर रोखून गोल फिरलं की उचल, तळवा आडवा हलला की सावकाश, मूठ की थांब. दुपारपर्यंत दोघा भावांना खुणा पाठ झाल्या, मुलाची दुभाषेगिरी संपली. धाकट्याने एकदा मूठ न बघता पट्टी पुढे सरकवली तर बाबा गरजले, “अरे, जहाज बुडवशील!” स्वयंपाकघरात चहा गाळत असलेल्या तिचा हात तिथेच थांबला. हा आवाज किती दिवसांनी ऐकला. ती दारात येऊन उभी राहिली, आणि नवऱ्याकडे बघून तिने नुसती मान हलवली. डोळे भरले होते ते प्लॅस्टरच्या भुकटीने, असं नंतर म्हणाली.

काम पुरं झालं, रंग वाळला, पलंग जागेवर गेला. पानांची वेल चारी भिंतींच्या माथ्यावरून फिरली होती, डागाचा मागमूस नव्हता. सकाळचा उजेड कडेवर पडला की पानांच्या सावल्या लांबायच्या, दुपारी आखडायच्या. बाबा ते बघत आणि येईल त्याला दाखवत. येणारेही वाढले. शेजारीण आधी कॉर्निस बघायला आली, मग बाबांशी बोलायला. गोदीतले दोन जुने सोबती आले, त्यांनी उभ्या उभ्या काम तपासलं, “हा कोपरा बघ” म्हणून वाद घातला, आणि मग दर आठवड्याला यायला लागले. घरातल्या सगळ्या खुर्च्या एकेक करून त्या लहानशा खोलीत सरकल्या.

खर्चाचा आकडा त्याला तोंडपाठ होता. गोदामात कुणी विचारलं की तो सांगायचा, समोरचा म्हणायचा, “आजारी माणसाच्या खोलीला? नुसत्या पट्टीला?” पूर्वी हा प्रश्न त्यानेच केला असता. आता तो म्हणायचा, “आमच्या हिचा निर्णय आहे,” आणि ते सांगताना त्याची छाती फुगायची. स्कूटर लाथा मारून सुरू करताना लोक हसायचे तेव्हाही तो आता त्यांच्यात हसायचा.

बाबांना पाठीला पट्टा बांधून बसवायला लागले, नंतर चाकाच्या खुर्चीत. अशातच एका संध्याकाळी मिस्त्री एका बाईंना घेऊन आला. त्यांना घरात असंच काम करून घ्यायचं होतं, नमुना बघायचा होता. बाईंनी वर बघून विचारलं, “एवढा खर्च करावा का हो?” तो तोंड उघडणार एवढ्यात मिस्त्री म्हणाला, “बाई, खर्चाचं मग बोलू. काका, यांच्या दिवाणखान्याचं छत आपल्यापेक्षा वाकडं आहे. परवा पट्टी चढवतोय. येता का? खाली झोपायची सोय करतो.”

बाबांनी सुनेकडे बघितलं, परवानगी मागावी तसं.

“डॉक्टरांना विचारून,” ती म्हणाली. “आणि मास्क लावून. आणि दुपारी जेवायला घरी.”

“म्हणजे अर्धाच दिवस,” बाबा मिस्त्रीला म्हणाले. “चालेल का?”

डॉक्टरांनी हो म्हटलं. त्या दिवशी तिने बाबांचा सदरा इस्त्री केला, केस विंचरले, पाण्याची बाटली खुर्चीला अडकवली. दवाखान्याखेरीज बाबा प्रथमच घराबाहेर पडत होते. तो खुर्ची ढकलत होता. ती पुढे चालत होती, रस्त्यातले दगड पायाने बाजूला सारत, झिजलेल्या चपलांनी, गाड्यांना हात दाखवून थांबवत. बाबा मागून खुणा करत होते, डावीकडे, सावकाश, येऊ दे. ती मागे न बघताही नेमकी तशीच चालत होती. त्याने खुर्ची जरा जोराने ढकलली आणि तिला गाठलं.