मानसिंगबुवांची सात फेऱ्यांची गाठ

गुरुवार उजाडला की डोंगराखालच्या त्या वाडीत जीपगाड्यांची रीघ लागायची. वेल्ह्याकडून, भोरकडून, थेट हायवेवरच्या किकवीहूनही माणसं यायची, कारण मानसिंगबुवा मोडलेल्या बरगडीचं दुखणं मिनिटात थांबवत. आणि खरंच थांबवत, हीच तर गंमत! कण्हत-वाकत आलेल्या माणसाच्या छातीभोवती बुवा मंतरलेल्या ओल्या धोतराचा पट्टा सात फेऱ्या आवळून गुंडाळत, गाठीवर फुंकर मारत, आणि माणूस ताठ होऊन चालू लागे. गर्दी जयजयकार करी.

"श्वास म्हंजी वासरू," बुवा सांगत. "दावं तुटलं की उधळतंय. म्या त्याला बांधून ठेवतो. पाच दिस गाठ सोडायची न्हाई. सोडली की जीव सुटला!"

वासराचा आणि श्वासाचा संबंध काय, हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती. सुलक्षणेलाही नव्हती. तिचा नवरा हनुमंत भाताच्या खाचरात चिखलणी करत असताना पॉवर टिलर बांधावरून उलटला आणि त्याचा दांडा छातीत बसला. धाकटा दीर कुंडलिक त्याला तडक बुवांकडे घेऊन गेला. गाठ बसली, दुखणं थांबलं, हनुमंत हसत घरी आला. दोन दिवस घरात बुवांच्या नावाचा गजर चालला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी हनुमंतला धाप लागली. ओठ निळे पडले. दोन शब्द बोलायचे तर मध्येच थांबावं लागत होतं.

"पट्टा सोडा," सुलक्षणा म्हणाली.

"वैनी, येड लागलं का? बुवा काय म्हनाले इसरलात? दादा जाईल!"

"न्हाई सोडला तरी डोळ्यांदेखत चाललाच हाय की!"

शेजारीपाजारी दारात जमले. 'स्वतःच्या हातानं कुंकू पुसतीया' असं कुणीतरी तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं पुटपुटलं. तरी सुलक्षणेनं विळा घेतला आणि गाठ कापली. हनुमंत गुरासारखा ओरडला. दुखणं क्षणात परत आलं होतं.

"बघा! बघा!" दारातली माणसं म्हणाली. आपण घात तर नाही केला, असं तिलाही घटकाभर वाटलं. पण ती थांबली नाही. नवऱ्याला टेम्पोत घातलं, तो पट्टाही बरोबर घेतला आणि कापूरहोळ फाट्याजवळचा दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टर यास्मिन यांनी हनुमंतच्या नाकाला प्राणवायू लावला आणि मोबाईलएवढं यंत्र काढून त्याचा प्रोब छातीवर टेकवला.

"सोनोग्राफी?" कुंडलिक चमकला. "ही तर पोटुशा बायांची असती!"

"फुप्फुसाचीही होते. हे पाहा, फुप्फुसाचं आवरण श्वासाबरोबर सरकतंय. म्हणजे फुप्फुस फाटून हवा बाहेर साठल्याचं इथं दिसत नाही. तशी साठली असती, तर मास्कनं जोरात हवा देणं जिवावर बेतलं असतं. आता खाली पाहा. हवा असायला हवी तिथं सगळं यकृतासारखं भरीव दिसतंय. फुप्फुसाचा तळ मिटलाय."

बरगडीच्या नसा बधिर करणारं इंजेक्शन दिलं. तोंडावर घट्ट मास्क बसला. ठरावीक वेळानं डॉक्टर पुन्हा प्रोब टेकवत. पहिल्या खेपेला तळ उघडला नव्हता, तेव्हा त्यांनी हवेचा दाब थोडा वाढवला. पुढच्या खेपेला त्या भरीव भागात पांढरे ठिपके हलताना दिसले. "हवा शिरतेय," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तळ बराचसा उघडला आणि दाब कमी करत आणला. हनुमंतनं पाणी मागितलं, तेव्हा कुठं सुलक्षणा भिंतीला टेकून खाली बसली.

कुंडलिकचं समाधान मात्र झालं नव्हतं. "पन पट्ट्यानं दुखायचं थांबलं व्हतं, ते कसं?"

डॉक्टरांनी त्यालाच सदरा काढायला लावला. कुशीला प्रोब लावून म्हणाल्या, "भरा दम." पडद्यावर फुप्फुस खिडकीचा पडदा ओढावा तसं सरसर खाली आलं. मग त्यांनी तोच पट्टा त्याच्या छातीभोवती आवळला. "आता भरा." कुंडलिक लालबुंद झाला, पण फुप्फुस जेमतेम बोटभर हललं.

"हाडं हलत नाहीत म्हणून दुखत नाही. पण छाती फुलली नाही तर हवा कुठून जाणार? कफ साठतो, फुप्फुस मिटत जातं."

"म्हंजी बुवा खोटं बोलत न्हवता?"

"दुखणं थांबतं हे खरं. माणूस बरा होतो हे खोटं."

कुंडलिक खाली मान घालून म्हणाला, "म्याच नेलं व्हतं दादाला." आणि लहान पोरासारखा रडला.

पुढच्या गुरुवारी सुलक्षणा बुवांच्या अंगणात उभी होती. बुवा सगुणाबाई नावाच्या म्हातारीला पट्टा बांधायला निघाले, तशी ती मध्ये शिरली.

"बाजूला हो! तुझा नवरा माझ्याच गाठीनं वाचला!" बुवा गरजले.

"ती गाठ म्या तिसऱ्या दिशी कापली. सोडली की जीव सुटतो म्हनाला व्हतात न्हवं? मग मालक आज भाकर कशी खात्यात?"

लोक बुवांकडे पाहू लागले.

"देवाची परीक्षा घेऊ न्हाई, बाई," बुवा म्हणाले.

"देवाची कोन घेतंय? धोतराची घेतीया!" ती गर्दीकडे वळली. "ज्याच्या खांद्यावर टॉवेल असंल त्यानं छातीला आवळा, आन दम भरून बघा. आत्ताच्या आत्ता!"

आधी कुंडलिकनं आवळला. मग हसत हसत दोघांनी, मग आणखी चौघांनी. हसू लवकरच मावळलं. "आरं, जातच न्हाई की हवा!" एकजण ओरडला. बुवा शिव्याशाप देत होते, पण आता जो तो आपापली छाती चाचपत होता. सगुणाबाईंनी अर्धवट गुंडाळलेला पट्टा स्वतःच फेडला आणि मुलाला म्हणाल्या, "जीप काढ. दवाखान्यात चल."

छातीला मार लागला तर घट्ट काही बांधू नका. दवाखान्यात जा. धाप लागली तर एक क्षणही थांबू नका. दुखणं थांबलं म्हणजे माणूस बरा झाला, असं समजू नका. आणि गाठ सोडलीस तर मरशील, असं जो कुणी सांगेल, त्याची गाठ आधी सोडा.