श्री घातलेली अकरा प्रकरणे

मित्रांनो, मी एक जुनी मास्टर फाइल आहे. आणि आरंभीच कबूल करते, की माझ्या पोटात एकही प्रकरण नाही. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली हडपसरच्या एका संगणक-टंकलेखनाच्या दुकानात तिथल्या टंकलेखिकेने, कमरजहांने, मला घडवले. पीएच.डी. करणाऱ्या हिराच्या प्रबंधाची अकरा प्रकरणे अकरा चाइल्ड फाइलींत, म्हणजे माझ्या लेकरांत, होती. माझ्याकडे होते केवळ त्यांचे पत्ते आणि क्रम. मी नावाने हाक मारावी, त्यांनी रांगेने यावे, आणि पानांचे आकडे अखंड वाहावेत. रिक्त असणे हेच माझे कार्य, आणि त्या रिक्ततेचा मला अभिमान होता. मार्केट यार्डातल्या हमालांमध्ये सहा वर्षे हिंडून हिराने वेचलेला प्रत्येक शब्द माझ्या हाकेवर उभा होता.

विद्यापीठाने दोनदा मुदत वाढवली होती. तिसरी मुदत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाचला संपत होती. ती चुकली, की नोंदणी रद्द.

त्या सकाळी छपाईसाठी मला उघडले. मी हाक मारली. एकही लेकरू आले नाही. पडद्यावर अकरा रिकाम्या चौकटी.

“आपा, माझी प्रकरणं कुठे गेली?” हिराने कमरजहांला विचारले.

दुकानाचे मालक गोपाळकृष्ण खाकरले. “अहो, खंडेनवमीला मशीनची पूजा केली. वहीवर लिहितो, तसं प्रत्येक फाइलीच्या नावाआधी ‘श्री’ घातलं. शुभ असतं.”

“फारच शुभ झालं, काका,” कमरजहां म्हणाली. “आता मास्टरला स्वतःची एकही फाइल ओळखू येईना.”

“मग सगळा मजकूर मास्टरमध्येच ओता की!”

“तीनशे पानं? हे मशीन धाप टाकून बसेल. नाही बसलं, तरी तळटीपा पुन्हा लावायला आठवडा जाईल.”

“म्हणजे श्री पुसणार?” ते कासावीस झाले.

“राहू दे तुमचं श्री. मास्टरलाच नवे पत्ते शिकवते. हिरा, तू क्रम वाच.”

हिरा वाचू लागली. कमरजहां एकेक फाइल शोधून मला जोडू लागली. सातव्या प्रकरणावर वीज गेली. दोघी जागच्या हलल्या नाहीत. वीज आली, तेव्हा सहा प्रकरणे शाबूत होती, कारण प्रत्येक जोडणीनंतर तिने मला जतन केले होते.

“सातवं,” हिरा म्हणाली, जणू मध्ये काही घडलेच नव्हते.

अकरावा पत्ता मिळताच मी पुन्हा हाक मारली. पहिल्या पानापासून तीनशे चौथ्यापर्यंत सारी आली. गोपाळकृष्ण ओशाळून म्हणाले, “माझ्या श्रद्धेपायी तुमचा प्रबंध बुडाला असता.”

“बुडाला नाही ना, काका? मग प्रिंटरला कागद घाला.”

पावणेपाचला दुकानातला फोन वाजला; छापलेला प्रबंध घेऊन विद्यापीठात गेलेल्या हिराचा होता. “त्यांनी घेतला,” एवढेच हिरा बोलली, आणि कमरजहांने रिसीव्हर ठेवून मला फ्लॉपीवर उतरवले.

आता मी एका फ्लॉपीत पडून आहे. मला कुणी उघडत नाही. पण मित्रांनो, एक विनवणी ऐका. नावे बदला, शुभ अक्षरे जरूर लिहा; मात्र त्या नावाने ज्याला हाक मारावी लागते, त्याला आधी विचारा.