आधी दंड, मग दुखणं

पुतणीने दातांचा दवाखाना थाटला आणि पहिला दात काढून घ्यायचा मान माझ्याकडे आला. घरातल्या बाकीच्यांचे दात त्याच आठवड्यात एकाएकी ठणठणीत झाले होते.

मी जन्मभर इंग्रजी शब्दांचे इतिहास शिकवले. घाबरलो की माझी टकळी सुरू होते. सासऱ्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांना ‘चेअर’ या शब्दाची सगळी कुळकथा ऐकवली होती. ते उभेच राहिले.

बाहेर बाकावर माणसं बसली होती, मध्ये नुसता पडदा. मी ओरडलो असतो तर बाक रिकामा झाला असता, आणि पोरीचं नाव पहिल्याच दिवशी मातीत.

"काका, आ कर."

"आता दुखण्याचा इंग्रजी ‘पेन’ हा शब्द घे—"

"तो मी सांगते. तू आ कर."

आरसा तोंडात घालून ती सहज म्हणाली, "‘पेन’चा मूळ अर्थ दुखणं. दंड, शिक्षा हे फार मागाहून चिकटलं."

माझे डोळे पांढरे व्हायचे बाकी राहिले. अहो, नेमकं उलटं. ग्रीकांकडे ती खुनाची भरपाई, लॅटिनमध्ये दंड. फ्रेंचांकडून इंग्रजीत आला तोही शिक्षा होऊनच. शिक्षा भोगताना जे होतं त्यालाही मग तेच नाव पडलं. हे सगळं ही पोर माझ्या मांडीवर बसून शिकलेली.

"आँ, आँ," मी हात नाचवले.

"ग्रीकांचा तर काडीचा संबंध नाही," ती म्हणाली. "आता ओठ जड वाटेल."

सुई कधी टोचली, देव जाणे. पुढेही ती बिनदिक्कत खोटं बोलत राहिली, आणि मी मनात तिला नापास करत असताना दात ट्रेमध्ये वाजला.

"आधी दंड, मग दुखणं," ती कानाशी म्हणाली. "विसरेन का? पण खरं सांगितलं असतं तर तू सुईकडे बघत बसला असतास."

बाहेर सुजल्या गालाच्या बाईंनी विचारलं, "आजोबा, दुखलं का हो?"

तोंडात कापूस. मी ‘नाही’ म्हणून मान हलवली, छाती पुढे काढली आणि पडदा बाजूला धरून त्यांना आत सोडलं.

"मावशी, काय करता तुम्ही?" आत पुतणीने विचारलं.

"कपडे शिवते."

"मग बटण आधी लावून काज नंतरच करत असाल ना? आ करा."

आतून "आँ, आँ" ऐकू आलं. आवाज दुखण्याचा नव्हता, चूक दुरुस्त करण्याचा होता. मी बाकावरच्या बाकीच्यांना हातानेच ‘बसा’ म्हटलं.